ज्वालामुखीच्या विवरात स्नॉर्केलिंग: सराव नाशिकच्या तलावात, मग हनौमा बे आणि मोलोकिनी

मुलं अमेरिकेत असली की आईवडिलांची एखादी सहल हवाई बेटांकडे वळतेच. तिथे स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे डोळे-नाक झाकणारा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघण्यासाठी, दोन जागांची नावं सगळ्यात आधी निघतात: ओआहू बेटावरची हनौमा बे आणि माउई बेटासमोरचा मोलोकिनी. दोन्ही ठिकाणी समुद्र थेट जुन्या ज्वालामुखीच्या विवरात शिरलेला आहे. पाणी नितळ, प्रवाळ किनाऱ्यापासून किंवा बोटीपासून जवळ, लाटा कमी. म्हणूनच नवशिक्यांना तिथे पाठवतात, आणि म्हणूनच नवशिके तिथे बेसावध राहतात.

आधी ही जागा शांत का असते ते पाहू. आपल्याकडचा अंजनेरी-ब्रह्मगिरीचा काळा पाषाण जमिनीच्या भेगांतून वाहत आलेल्या लाव्हाचे थर साचून झालेला आहे. हनौमा आणि मोलोकिनीची गोष्ट निराळी. तिथे तापलेला शिलारस समुद्राच्या पाण्याला भिडला, वाफेचे स्फोट झाले आणि उडालेली राख भोवती साचत जाऊन गोल कडा तयार झाला. हा राखेचा दगड तुलनेने ठिसूळ. पुढे समुद्राने एका बाजूने भिंत फोडली आणि विवर काठ फुटलेल्या परातीसारखं पाण्याने भरलं. हनौमा आग्नेयेकडे उघडी आहे, मोलोकिनीची चंद्रकोर उत्तरेच्या बाजूला.

भिंतीमुळे बाहेरची लाट आत येईपर्यंत मंदावते. हनौमात किनाऱ्याजवळ प्रवाळाचा आणखी एक बांध आहे, तिथे उरलेली लाट फुटते. पण फुटलेल्या लाटेचं पाणी बांधावरून आत येतं आणि त्याला परत बाहेर जायचं असतं. ते बांधातल्या खाचांमधून जातं. हनौमात १९५० च्या दशकात समुद्राखालची टेलिफोन केबल टाकण्यासाठी बांधातून एक वाट कापलेली आहे, तीसुद्धा पाण्याची बाहेर जाण्याची वाटच. बांधावर पांढरा फेस जास्त दिसला की खाचांमधली ओढ वाढली असं समजा. वरून तिथलं पाणी उलट गुळगुळीत दिसतं, त्यामुळे नवखा माणूस नेमका तिकडेच वळतो.

आता श्वासाचं. स्नॉर्केलिंगमध्ये माणूस लाटेपेक्षा श्वासाने जास्त अडचणीत येतो. नळीतून श्वास घेताना हवेला अडथळा होतो. दमल्यावर माणूस जोरात ओढतो, अडथळा आणखी जाणवतो, छातीवर ताण येतो. अशा वेळी नाकातोंडात थेंबही न जाता फुप्फुसांत पाणी साचू शकतं. हवाईत झालेल्या स्नॉर्केल सुरक्षा अभ्यासात नेमका याच गोष्टीवर भर आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणारे आणि पन्नाशी उलटलेले यांनी निघण्याआधी डॉक्टरांना दाखवावं, आणि ‘पोहायला जातोय’ एवढंच न सांगता ‘नळी लावून पोहणार आहे’ असं स्पष्ट सांगावं. लांबचा विमानप्रवास संपल्यावर दोन-तीन दिवस तरी पाण्यात उतरू नये. मुंबईहून होनोलुलूला थेट विमान नाही, एक-दोन ठिकाणी बदलून चोवीस तासांच्या वर जातात. उतरल्या-उतरल्या हनौमाचं बुकिंग ठेवणं चूक आहे.

सामान

फिन्स, म्हणजे पायात घालायची पोहण्याची पाती, आणि तरंगतं जाकीट तिथे भाड्याने मिळतं. मास्क मात्र स्वतःचा असावा, कारण चेहऱ्याला बसेल असा मास्क भाड्याच्या ढिगात सापडेलच असं नाही. मास्कचा पट्टा मागे टाका, मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. चार-पाच सेकंद चिकटून राहिला तर मापाचा आहे. लगेच सुटला तर दुसरा पाहा, पट्टा आवळून तो बसणार नाही. किंबहुना पट्टा जास्त आवळला की सिलिकॉनची कड मुडपते आणि तिथूनच पाणी शिरतं. पट्टा डोक्याच्या मागच्या सगळ्यात रुंद भागावर हवा, मानेवर नको.

मिशीवाल्यांना मास्क गळण्याचा त्रास ठरलेला. नाकाखालची चार-पाच मिलिमीटरची पट्टी भादरली तर मिशी राखूनही काम भागतं. तेवढीही तयारी नसेल तर सिलिकॉन ग्रीस लावा. केसांचा एक धागा जरी कडेखाली अडकला तरी पाणी येतं, म्हणून लांब केस वेणी घालून टोपीत. चष्मा मास्कखाली चालत नाही. नंबरच्या काचांचे मास्क अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यांत मिळतात. दोन टप्प्यांच्या मधला नंबर असेल तर खालचा घ्या, कारण पाण्याखाली वस्तू तशाही मोठ्या आणि जवळ दिसतात.

नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा पातळ थर असतो. तो काढला नाही तर मास्क दर दोन मिनिटांनी धूसर होतो. साधी पांढरी टूथपेस्ट, जेलची नाही, आतल्या बाजूने बोटाने घासा आणि धुवा. असं तीन-चार वेळा. काचेवर धुकं न धरणारा लेप आधीच असेल किंवा काच प्लॅस्टिकची असेल तर हा प्रयोग करू नका. उतरताना रोज आत थुंकी चोळून किंवा लहान मुलांच्या शांपूचे दोन थेंब फिरवून एकदाच पाण्याने खंगाळा. त्यानंतरही धूसर होत असेल तर तुम्ही नाकाने श्वास सोडत आहात.

नळी साधी घ्या. पस्तीस-चाळीस सेंटिमीटर लांब, आतून सुमारे दोन सेंटिमीटर रुंद. लांब नळीने जास्त हवा मिळेल हा गैरसमज आहे. नळी जितकी लांब तितकी वापरलेली हवा तिच्यात साचून परत छातीत जाते. वरच्या टोकाला पाणी रोखणारी झडप असलेल्या नळ्या आकर्षक वाटतात, पण त्यांतून हवा ओढायला अनेकदा जास्त जोर लागतो आणि झडप अडकली की श्वासच बंद. तोंडाजवळ खाली पाणी काढायची झडप असली तर हरकत नाही, फक्त तिच्यात वाळूचा कण बसला की ती गळते. बोटाने उघडून धुवा. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क सरळ टाळा. घाबरल्यावर तो चटकन निघत नाही आणि तोंडातून नळी थुंकून टाकायची सोयही त्यात नसते.

फिन्स आखूड पात्याचे घ्या. अनवाणी घालून पाहताना टाच सटकू नये आणि बोटं वळू नयेत. अंगात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट आणि घोट्यापर्यंतची लेगिंग. बायकांना याचा संकोचही वाटत नाही आणि पाठ भाजत नाही. सुती टीशर्ट ओला होऊन जड होतो, तो नको. सनस्क्रीनबद्दल कायदा आहे: ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, आणि माउई काउंटीत १ ऑक्टोबर २०२२ पासून झिंक किंवा टायटॅनियमवाली खनिज सनस्क्रीनच चालते. इथून नेणार असाल तर बाटलीमागची यादी वाचून घ्या.

तलावातला सराव

गोदाघाटावर पोहायला शिकलेल्या लोकांचा हात दणकट असतो, पण डोकं सतत पाण्याबाहेर ठेवायची सवय असते. स्नॉर्केलिंगमध्ये नेमकं उलटं करायचं असतं: तोंड पाण्यात, हात गप्प, काम पायांचं. ही सवय मोडायला तीन-चार आठवडे धरा. त्र्यंबक रोडवरचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव किंवा घराजवळचा कुठलाही जीवरक्षक असलेला तलाव चालेल. फिन्स आणि मास्कला बऱ्याच तलावांवर मनाई असते, म्हणून गर्दी नसलेली बॅच पाहून आधी परवानगी मागा. गंगापूर धरणात सराव करायला जाऊ नका. गढूळ पाणी, गाळ, अचानक वाढणारी खोली. मास्क लावून तिथे दिसणार तरी काय?

क्रम असा ठेवा आणि एक पायरी जमल्याशिवाय पुढची घेऊ नका.

१. छातीभर पाण्यात कठडा धरून उभे राहा. मास्क आणि नळी लावा, तोंड पाण्यात घाला आणि पाच मिनिटं नुसता श्वास. चार आकडे घेताना, सहा आकडे सोडताना. दात नळीच्या खुंट्यांवर हलके टेकलेले, ओठ घट्ट. जबडा आवळला तर दहा मिनिटांत दुखायला लागतो.

२. मुद्दाम डोकं खाली करून नळी भरू द्या. वर आल्यावर ‘टू’ म्हणतो तसा एकच छोटा, जोरदार फुंकर. हळूहळू फुंकलं तर पाणी निम्म्यावर चढून परत खाली येतं. फुंकरीनंतरचा पहिला श्वास नेहमी सावकाश, जीभ टाळूकडे. उरलेलं घोटभर पाणी नळीच्या तळाशी राहतं आणि हवा त्यावरून येते.

३. मास्कमध्ये थोडं पाणी घ्या. वरची कड कपाळावर दाबा, मान किंचित वर करा, नाकाने सोडा. पाणी खालून निघून जातं.

४. मास्क काढून फक्त नळी. नाक पाण्यात, श्वास तोंडाने, एक मिनिट. सगळ्यात कठीण पायरी हीच, आणि सगळ्यात उपयोगाची. समुद्रात मास्क भरला की लोक घाबरतात ते नाकात पाणी गेल्यामुळे. ही पायरी जमलेला माणूस घाबरत नाही.

५. पालथे पोहताना एकदम उताणे व्हा, नळी तोंडातून काढा, मास्क कपाळावर न ढकलता गळ्यात ओढा, पाच मिनिटं तरंगत राहा. दम लागला, छातीत जड वाटलं, गोंधळल्यासारखं झालं तर समुद्रात करायचं ते हेच: उताणे, तोंड मोकळं, हात वर करून मदत मागणं आणि लगेच पाण्याबाहेर. ‘जरा वेळाने बरं वाटेल’ म्हणून तोंड परत पाण्यात घालायचं नाही.

६. शेवटी फिन्स. लाथ मांडीपासून, गुडघा जरासा सैल, पातं पाण्याबाहेर येऊन फटफट वाजता कामा नये. पोटरीत गोळा आला तर फिनचं टोक धरून स्वतःकडे ओढा. न थांबता दोनशे मीटर जा आणि लगेच एखादं लांब वाक्य बोलून पाहा. वाक्य अडखळलं तर वेग कमी करा, अंतर नाही.

प्राणायाम करणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची गोष्ट. सावकाश, लांब उच्छ्वासाचा सराव इथे फार कामाला येतो. पण बुडी मारण्याआधी भस्त्रिका किंवा कपालभातीसारखे भराभर श्वास कधीही घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यायची निकड वेळेवर जाणवत नाही आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो, तेही कसलीच सूचना न मिळता. नवशिक्याला बुडी मारायची गरजही नाही. मारलीच तर पुरुषभर खोल, नाक दाबून कान मोकळे करत.

तलावानंतर एकदा तरी खारं पाणी चाखावं. त्यासाठी मालवण-तारकर्ली पुरेसं आहे. पावसाळ्यात तिथे बंद असतं. थंडीत, गढूळपणा कमी असताना जा. तिथे बहुतेकांना रिंगला धरून फोटोपुरतं पाण्यात ठेवतात. आधीच सांगा की स्वतः पोहायचं आहे, शेजारी माणूस हवा. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, पण घशात गेलं की ठसका मोठा बसतो. तो खोकला नळीतूनच खोकायचा, नळी काढायची नाही.

हनौमा बे

ही खाडी १९६७ पासून संरक्षित सागरी क्षेत्र आहे. सोमवारी आणि मंगळवारी बंद. बाहेरच्या पाहुण्यांना ऑनलाइन वेळ ठरवावी लागते आणि ती दोन दिवस आधी हवाईच्या सकाळी सातला खुली होते. त्या वेळी नाशिकला त्याच तारखेचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, तेव्हा घरचं कोणी इथून बसूनही बुकिंग करू शकतं. वेळा लगेच संपतात, पाच मिनिटं आधी तयार बसा. प्रवेश माणशी २५ डॉलर, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ. दर बदलतात, बुक करताना बघून घ्या. उतरण्याआधी नऊ मिनिटांची माहितीची चित्रफीत सक्तीने दाखवतात.

दिवस निवडताना पंचांग काढा. ओआहूच्या दक्षिण किनाऱ्यावर डब्यासारख्या आकाराची विषारी जेलीफिश पौर्णिमेनंतर साधारण आठ ते दहा दिवसांनी येते, म्हणजे वद्य अष्टमी ते दशमी. त्या दिवसांत खाडी बंदही ठेवतात. दुसरं, भरती-ओहोटीचा तक्ता. पूर्ण ओहोटीला आतल्या बांधावर पाणी इतकं उथळ होतं की पोट आणि गुडघे प्रवाळाला घासतात. मध्यम भरतीची सकाळ उत्तम. उशिरा गेलात तर शेकडो पायांनी वाळू ढवळलेली असते आणि काही दिसत नाही.

किनाऱ्यावर पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं बघा. फेस कुठे फुटतोय, गुळगुळीत पट्टा कुठे आहे, लाल झेंडा आहे का. मग जीवरक्षकाला विचारा, ‘आज कुठे जाऊ नये?’ हा प्रश्न ‘कुठे चांगलं आहे?’ यापेक्षा जास्त कामाचा. पहिल्या दिवशी बांधाच्या आतच राहा. तिथे पाणी छातीएवढ्यापासून पुरुष-दीड पुरुष खोल आहे आणि मासे पुष्कळ. केबलच्या वाटेने बाहेर पडणं नवशिक्याचं काम नाही. समुद्राकडे तोंड केल्यावर उजव्या हाताच्या टोकाला विचेस ब्रू नावाची जागा आहे. तिथे प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो. डाव्या टोकाकडची टॉयलेट बोल नावाची खळगी लाटेसरशी भरते-उपसते, ती बंद केलेली आहे. कड्यालगतच्या खडकांवरून तिकडे चालत जाऊ नका, लाट माणसाला ओढून नेते.

फिन्स वाळूवर घालून चालू नका. कमरेएवढ्या पाण्यात जोडीदाराचा खांदा धरून घाला. चालायची वेळ आलीच तर उलट्या पावलांनी. पहिली फेरी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने काढा म्हणजे दमल्यावर परतीला पाणी मदत करेल. दर दहा-बारा लाथांनी डोकं वर काढून किनाऱ्यावरची एक ठरवलेली खूण पाहा. मासे बघता बघता माणूस शंभर मीटर सरकलेला असतो आणि त्याला पत्ता नसतो. ताकदीचा तिसरा हिस्सा खर्च झाला की वळा. ओढीत सापडलात तर तिच्याशी झुंजू नका. आडवे पोहून पट्ट्याबाहेर या किंवा तरंगत राहून हात वर करा.

उभं राहायचं तर फक्त वाळूवर. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, एका पावलाने कित्येक वर्षांची वाढ मोडते. शिवाय पायही फाटतो. देवळाच्या कुंडात माशांना कणकेच्या गोळ्या टाकायची आपली सवय इथे घरी ठेवून या, खाऊ घालायला मनाई आहे. कासवापासून तीन मीटर लांब राहा आणि त्याची वर येण्याची वाट अडवू नका, त्यालाही श्वास घ्यायचा असतो. पिवळे सर्जनमासे, चोचीने प्रवाळ खरवडणारे पोपटमासे, हवाईचा राज्य मासा हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ हे सगळे आतल्या पाण्यात दिसतात. कान देऊन ऐका, पोपटमाशांचं खरवडणं पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतं. कपारीत हात घालू नका, तिथे मोरे ईल नावाचा सापासारखा लांब, चावणारा मासा बसलेला असतो.

मोलोकिनी

इथे बोटीनेच जाता येतं, माउईच्या मालाएआ बंदरातून किंवा किहेईकडून. बेटावर उतरायला परवानगी नाही, कारण ते समुद्रपक्ष्यांसाठी राखीव आहे. पाणी १९७७ पासून संरक्षित. दुपारकडे व्यापारी वारे वाढतात आणि समुद्र खवळतो, म्हणून सकाळची पहिली बोट घ्या. स्वस्तातली दुपारची फेरी घेऊन वाऱ्यात तिष्ठत बसण्यात अर्थ नाही.

बोट लागणाऱ्यांनी मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच सुरू करावी. झोप आणणारी गोळी घेऊन मात्र पाण्यात उतरू नये. खिशात आलेपाक, नजर क्षितिजावर, जागा बोटीच्या मध्यावर. न्याहारी हलकी, तर्रीदार मिसळीची सवय असली तरी त्या सकाळी केळं आणि टोस्ट बरा. परतीला बोटीवर मद्य देतात, ते पोहणं पूर्ण संपल्यावरच.

किनारा नसल्यामुळे दमल्यावर उभं राहायला जागा नाही, हा हनौमापेक्षा मोठा फरक. पोहता येत असलं तरी तरंगतं जाकीट घालाच, निम्मी हवा भरून. पूर्ण फुगवलं तर तोंड पाण्यात राहत नाही. उतरण्याआधी आपल्या बोटीची खूण पाठ करा, एकसारख्या बोटी बऱ्याच असतात. कोरीच्या आतल्या बाजूलाच राहा, टोकांना वळसा घालू नका. मागच्या बाजूला भिंत सरळ नव्वद मीटरच्या आसपास खाली जाते आणि तिथे प्रवाहाला अडवायला काहीच नाही. चांगल्या दिवशी चाळीस मीटरच्या पुढेही दिसतं. तळ जवळ वाटतो आणि काहींना उंचीची भीती वाटते तसं गरगरतं. अशा वेळी पुढच्या भिंतीकडे पाहत पोहा.

दुखापत झाली तर

प्रवाळाची खरचट लहान दिसली तरी चिघळते. स्वच्छ पाण्याने चोळून आतले कण काढा, मग जंतुनाशक. समुद्री साळूचा (तळाशी असणाऱ्या काटेरी गोल जीवाचा) काटा दिसत असेल तर चिमट्याने काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे ४०-४५ अंश, अर्धा ते दीड तास भाग बुडवून ठेवा. काटा चिरडू नका. जेलीफिश लागली तर व्हिनेगर ओता, तंतू चिमट्याने उचला, नंतर गरम पाणी. वाळूने घासू नका. श्वास लागत असेल तर थेट जीवरक्षक.

रोज संध्याकाळी मास्क, नळी, फिन्स गोड्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून सावलीत वाळवा. नाशिकला परतल्यावर गच्चीच्या उन्हात ठेवलेलं सिलिकॉन पिवळं पडतं. मास्क डब्यात ठेवा आणि काळ्या रबराच्या वस्तूला चिकटू देऊ नका, डाग निघत नाही. फिन्स आडवे ठेवा. टोकावर उभे केले तर पातं कायमचं वाकतं.